पोवळ्याचे दोन वळसे

आमच्या आईच्या माहेरी, निरवांगीला, एक सोन्याचा खुळखुळा होता आणि त्या घरात जन्मलेल्या प्रत्येकानं तो थोडाथोडा खाल्लेला होता. मीही खाल्ला आहे. तो दातांसाठी खायचा असे. आज माझ्या तोंडात चार दात उरलेत, तेव्हा त्या खाण्याचा कितपत उपयोग झाला ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

वस्तू मोठी देखणी होती. वीतभर लांब, मधला भाग सोन्याचा, त्यावर बारीक वेलबुट्टी आणि भोवती सोन्याचीच घुंगरं. घुंगरं मुळात आठ होती. मी पाहिलं तेव्हा सात उरली होती, आणि आठवं कोणाच्या नथीत गेलं यावरून निरवांगीच्या दोन चुलत घरांत बोलणं बंद होतं. खुळखुळ्याच्या एका टोकाला सोन्याची चपटी नळी होती आणि दुसऱ्या टोकाला पोवळं, लाल आणि गुळगुळीत. हे पोवळं म्हणे पहिल्यांदा चांगलं बोटभर लांब होतं. माझ्या वेळेपर्यंत ते निम्मं झालं होतं आणि एका अंगानं तिरकं झिजलं होतं.

नीरेचा कालवा खणत होते तेव्हाची ही कमाई. कालव्यावरच्या एका गोऱ्या साहेबाचा तंबू गावाच्या शिवारात पडला होता, बरोबर त्याची मड्डम आणि तान्हं पोर. पोर एकदा रडायला लागलं की थांबायचं नाव घेत नसे. आईची आजी, म्हणजे माझी पणजी, तेव्हा पंचविशीची होती, पण लेकराला न्हाऊमाखू घालण्यात पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिला बोलावणं आलं. तिनं पोराचं पोट चाचपलं, ओव्याचा शेक दिला, मुरडशेंग उगाळून चाटवली, आणि ते गोरं पोर त्या दिवशी सलग चार तास झोपलं. मग महिनाभर ती रोज तंबूवर जात होती. तंबू पुढं हलला तेव्हा मड्डमनं स्वतःच्या पोराच्या हातातला खुळखुळा काढून पणजीच्या हातात ठेवला. पणजी तेव्हा गरोदर होती, आणि एवढं कळायला मड्डमला मराठी यायची गरज नव्हती.

तो वापरायचा कसा हेही मड्डमनं बिचारीनं समजावून सांगितलं. तिनं पोवळ्यावर बोट ठेवलं, मग स्वतःचं तोंड उघडलं आणि हिरडीवर बोट फिरवलं. पणजीला घुटीतलं सगळं कळत होतं, इंग्रजी तेवढं कळत नव्हतं. तिला वाटलं, हे दातांचं औषध आहे. वाणी फुटायला वेखंड, पोटाला मुरडशेंग, तसं दाताला पोवळं, आणि साहेबाचं औषध म्हणून त्याला मूठ सोन्याची. घरी येऊन तिनं सहाण घेतली, आणि पुढं मूल झाल्यावर रोज सकाळी पोवळ्याचे दोन वळसे आईच्या दुधात उगाळून घुटीबरोबर पाजायला सुरुवात केली. पहिला दात आला की उगाळणं बंद, आणि खुळखुळा पुसून पेटीत, पुढचं मूल होईपर्यंत. तिनं घातलेला हा नियम पन्नास वर्षं कोणी मोडला नाही.

खरं काय ते मला पुष्कळ वर्षांनी पुण्यात कळलं. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात काचेच्या कपाटात असाच एक खुळखुळा होता. दुकानदार सांगू लागला की दात येताना मुलानं पोवळं चावायचं, नळीनं शिट्टी वाजवायची आणि घुंगरांनी खेळायचं. मी म्हटलं, आमच्याकडं तो उगाळून पितात. त्यानं माझ्यासाठी खुर्ची पुढं केली. त्याला वाटलं असावं, म्हातारीला ऊन लागलं.

तर अशी त्या खुळखुळ्याची मालकी. पहिला मालक साहेबाचं पोर. ते विलायतेला गेलं आणि त्याला दात आले की नाही ते निरवांगीला कळलं नाही. दुसरे मालक आईचे वडील. त्यांचे दात म्हणे शेवटपर्यंत इतके घट्ट होते की अख्खी सुपारी ते अडकित्त्याशिवाय फोडत, आणि हा पोवळ्याचाच गुण म्हणून पणजी ज्याला त्याला सांगे. त्यांच्या धाकट्या भावाचं बोळकं चाळिशीतच झालं होतं, पण त्याचा विषय निघाला की पणजी म्हणायची, तो धाकटा, त्याच्या वेळी वळसे नीट मोजले गेले नाहीत. पुढं माझी आई, मग मामा. पुढच्या पिढीत मी. लेकीच्या मुलांनाही खुळखुळा मिळायचा, मात्र दात दिसेपर्यंतच. मग तो निरवांगीला परत जायला हवा. आई लग्न होऊन बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीला आली आणि तिच्यामागं खुळखुळाही असा येत-जात राहिला.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा माझा भाऊ जन्मला. माझ्यानंतर आईची दोन मुलं जगली नव्हती, त्यामुळं त्याचं कौतुक विचारू नका. मामा बारशाला आला तो बाळंतविडा आणि खुळखुळा घेऊन. माझा मामा म्हणजे त्या दिवसांत निरवांगीच्या तालमीतलं पहिलं नाव. मान बैलासारखी, मिशा पिळदार, आणि हे सगळं त्यानं नुकत्याच घेतलेल्या सायकलवर बसवलेलं. गुऱ्हाळ सुरू झालं की गुळाच्या गाड्यांबरोबर तो बारामतीच्या पेठेत यायचा, गाड्या तिथं गड्यांवर सोडायचा आणि सायकल मारत कऱ्हाटीला आईकडं. रस्त्यावर फुफाटा इतका, की पोहोचेपर्यंत मामा कुठला आणि सायकल कुठली ते पाणी ओतल्याशिवाय कळत नसे. आई त्याला धुऊन काढायची, सव्वीस वर्षांच्या पहिलवानाला, अंगणात दगडावर बसवून, आणि तो निमूट बसायचा.

कारण आईनंच त्याला वाढवला होता. आई बारा वर्षांची आणि मामा आठ वर्षांचा असताना तापाच्या साथीत त्यांचे आईवडील एका आठवड्यात गेले. चुलत्यानं दोघांना पोसलं, पण मामाला जेवू घालणं, त्याच्या उवा काढणं, त्याला दटावणं हे सगळं आईकडं होतं. लग्न होऊन निघाली तेव्हा ती स्वतःसाठी रडली नाही, मामाला भाकरी मऊ लागते एवढंच चुलतीला पुनःपुन्हा सांगत होती. आमच्या वडिलांनी ही गोष्ट पुढं आयुष्यभर तिला ऐकवली. तिचं माहेर म्हणजे गाव नव्हे, घर नव्हे, मामा एवढंच होतं.

भाऊ सात महिन्यांचा झाला. संक्रांत दोन दिवसांवर होती. सकाळी आई त्याला पायांवर घेऊन बोटानं घुटी चाटवत होती, आणि मी शेजारी सहाण धुवायला बसले होते. आईचं बोट त्याच्या तोंडातच थांबलं. तिनं वाकून पाहिलं, मग मलाही पाहायला लावलं. वरच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक आलं होतं. खाली काहीच नव्हतं. मला आनंद झाला आणि मी गावभर सांगायला उठले, तर आईनं माझी वेणी धरून मला खाली बसवलं.

आमच्या भागात वरचा दात आधी आला तर ते मूल मामाला जड जातं असं समजतात. म्हणजे मामाच्या जिवाला धोका. त्यावर उताराही आहे. मामानं चांदीची वाटी आणायची, पाच सवाष्णी बोलवायच्या, त्यांच्यादेखत वाटीची कड त्या दाताला लावायची आणि नारळ फोडून गावाला जेवण घालायचं. इतकं साधं असताना आईचा चेहरा असा का उतरला ते मला कळेना. तेव्हा तिनं जी गोष्ट तिच्या माहेरी कोणी हसत सांगत नसे ती मला सांगितली. मामाचाही पहिला दात वरचाच होता. तेव्हा त्याच्या मामानं उताऱ्याला हसण्यावारी नेलं, आणि त्याच वर्षी तो मामा पटकीनं गेला. माझा मामा आठ वर्षांचा असताना एका लग्नात त्या मामाच्या विधवेनं भर मांडवात त्याला बोट दाखवून म्हटलं, की ह्यानं माझा धनी खाल्ला. लोकांनी हातातले घास खाली ठेवून त्याच्याकडं पाहिलं.

आईनं हिशेब केला तो असा. उतारा करावा तर मामाला सांगावं लागणार. सांगितलं तर हा माणूस, ज्याला ही गोष्ट खरी वाटते, तो घाबरणार. घाबरला की कऱ्हाटीची वाट बंद. आणि तो यायचा बंद झाला तर तिच्याकडं यायला दुसरं कोणीच नव्हतं. तेव्हा खालचा दात येईपर्यंत वरचा लपवायचा, आणि दोन्ही दिसू लागले की खालचा आधी आला म्हणून सांगायचं. "दोन न्हाईतर चार आठवड्याचा परश्न हाय," ती मला म्हणाली. "तवर त्वांड मिटून ऱ्हायचं. तुजंबी आन ह्याचंबी."

माझं तोंड मिटणं सोपं नव्हतं, पण जमलं. भावाचं कसं मिटणार? तो अष्टौप्रहर हसायचा. कोणी ओळखीचं दिसलं की हसायचा, अनोळखी दिसलं की जास्त हसायचा. मग आईला युक्ती सुचली. अंगणात पावलं वाजली की ती खुळखुळ्याचं पोवळं त्याच्या तोंडात द्यायची. हिरड्या शिवशिवत होत्याच, तो ते आवडीनं चावत बसायचा. त्या खुळखुळ्याला पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याचं खरं काम मिळालं, आणि तेही खोटं झाकण्यासाठी.

संक्रांतीला त्याचं बोरन्हाण होतं. गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया, मधे पाटावर हा, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे यांची लूट. लूट पडली की पोरं त्याच्यावर तुटून पडली आणि हा खदाखदा हसायला लागला. आई ओवाळायचं सोडून पोवळं त्याच्या तोंडात कोंबत होती. बायांमध्ये कुजबुज झाली. आम्हाला सोनं दाखवायचं चाललंय, असं एकीनं दुसरीला सांगितलेलं मी माझ्या कानानं ऐकलं.

दोन आठवडे झाले, चार झाले. खालचा दात काही येईना. उलट वर दुसरा आला. सगळ्या गावाला मात्र वाटत होतं की पोर बोळकंच आहे, आणि आमच्या गावाला एकदा काळजी वाटू लागली की ती आवरत नाही. एकीनं गळ्यात बांधायला लसणाची माळ आणली. एकीनं हिरडीवर मध चोळायला सांगितलं आणि आमच्याच घरातला मध मागून स्वतःच्या हिरडीवर चोळून दाखवला. वडील माळव्याला पाणी देऊन दुपारी जेवायला यायचे, मुलाकडं बघायचे आणि म्हणायचे की दात उशिरा आले की टिकतात. आई मान डोलवायची.

खरी अडचण निरवांगीहून आली. मामी पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी जाताना खुळखुळा पेटीत घेऊन जावा आणि आपल्या आईबहिणींना दाखवावा असं तिच्या मनात होतं, आणि ते अगदी साहजिक होतं. ती मामाबरोबर निरोप धाडायची की दात आला का. आई मामाला सांगायची, न्हाय अजून. पुढच्या खेपेला पुन्हा निरोप आणि पुन्हा न्हाय अजून. मग निरोपाला धार आली. वन्सं रोज दोन वळसे उगाळतायत, माझ्या लेकराला नुसती सोन्याची दांडी उरंल, असं मामीनं म्हटल्याचं मामानं हसत सांगितलं. पुढच्या वेळी सांगितलं तेव्हा तो हसला नाही. सोनं घरात आलं की दात येत न्हाईत, असं बोलणं झालं होतं.

मला वाटलं आता आई खरं सांगेल. आमची आई मानी होती. शेजारणीकडून आणलेलं विरजण ती सायीसकट परत करायची. दुसऱ्याच्या सोन्याचा लोभ केला हे बोलणं दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्या घरचं पाणी तिनं वर्ज्य केलं असतं. पण तिनं पायलीभर सांडगे बांधून मामाच्या सायकलला लावले आणि मामीला म्हणावं रागावू नको, एवढंच म्हणाली. लोभी म्हटलेलं तिनं गिळलं. मामा यायचा थांबला असता तर ते तिला गिळता आलं नसतं.

होळीच्या आदल्या दिवशी मामा आला तो खुळखुळा घेऊन जायलाच. दुसऱ्या दिवशी मामी माहेरी निघणार होती. वडील ओसरीवर तंबाखू मळत होते. त्यांनी पावणं बसा म्हटलं, मामानं दाजी बरंय का म्हटलं, आणि धुणंपाणी व्हायच्या आधीच त्यानं भाच्याला मांडीवर घेतलं. भाच्याच्या तोंडात अर्थातच पोवळं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आणखी आठ दिवस दे म्हणायचं तिनं ठरवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

ती बोलायच्या आत पोरानं घात केला. पोवळं चावून त्याला कंटाळा आला, त्यानं खुळखुळा फिरवला आणि नळीचं टोक तोंडात घातलं. आदल्याच दिवशी आईनं होळीची साफसफाई म्हणून नळीत साठलेला हळदीचा आणि घुटीचा पन्नास वर्षांचा राप सुईनं टोकरून काढला होता. पोरानं श्वास सोडला आणि नळी वाजली. बारीक, खणखणीत शिट्टी. कालवा खणल्यापासून त्या घराण्यात कोणाला माहीत नव्हतं की या वस्तूत शिट्टी आहे. वडिलांच्या हातातली तंबाखू सांडली. मामा खूष झाला, हे काय नवीन म्हणत त्यानं खुळखुळा पोराच्या तोंडातून काढला आणि स्वतः फुंकून पाहिला. खेळणं गेल्यावर पोरानं जे भोकाड पसरलं त्यात वरचे दोन्ही दात लख्ख दिसले. खालची हिरडी कोरी.

मामानं अंगठ्यानं पोराचा ओठ उचलून नीट पाहिलं. आई दारातच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. रडतरडत ती भराभर बोलत होती, की वाटी घेते, आजच उतारा करू, सवाष्णी बोलावते, तू फक्त यायचं बंद करू नकोस. मी दोन महिने खोटं बोलले, माझ्यावर राग धर, पण यायचं बंद करू नकोस.

मामानं विचारलं ते भलतंच. "आक्का, हे कुणाकुणाला ठावं हाय?"

आईनं स्वतःकडं आणि माझ्याकडं बोट केलं. वडील खाकरले आणि त्यांनी सांगितलं की त्यांनाही संक्रांतीपासून माहीत होतं. बायको लपवतेय तर तिचं काही कारण असेल म्हणून ते गप्प राहिले होते. दात उशिरा आले की टिकतात हे त्यांनी दोन महिने न हसता म्हटलं होतं. आई रडायची थांबून त्यांच्याकडं बघायला लागली.

"मंग बास," मामा म्हणाला. "उतारा करायचा न्हाय."

आईला वाटलं त्याला कळलं नाही. तिनं पुन्हा वाटीचं काढलं. मामानं तिला थांबवलं. "पाच सवाष्णी बोलावल्या की गावाला कळलं. गावाला कळलं की धा वर्सांनी कुनीतरी ह्याला सांगणार. आक्का, मला आठ वर्साचा असताना सांगितलं. आजबी मामाचं नाव कुनी काढलं तर मला घास गिळत न्हाय. मी त्येला बघितलासुदिक न्हाय, आन जेवताना त्यो समोर बसतो." त्यानं पोराला छातीशी घेतलं. पोर अजून हुंदके देत होतं. "मला काय व्हायचं ते हू दे. पर ह्याला कवा सांगायचं न्हाय. मी उद्या मेलो तरी न्हाय."

मग त्यानं मला जवळ बोलावलं आणि माझ्याकडूनही कबूल करून घेतलं. त्याचा चेहरा फुफाट्यानं माखलेला होता आणि डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा होत्या. मी नऊ वर्षांची होते, पण माझ्या लक्षात आलं की आई ज्याला लहानाचा मोठा करत आली होती, ज्याची भाकरी मऊ हवी हेसुद्धा तिला ठाऊक होतं, त्याच्या पोटातली ही गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती. ती दोन महिने त्याच्या भित्रेपणाला घाबरत होती. मला तिची दया आली, आणि मामाचा मला इतका अभिमान वाटला की आजही लिहिताना वाटतो.

त्या संध्याकाळी तो खुळखुळा घेऊन गेला आणि मामीला त्यानं सांगितलं की दात आला, खालचा आला, अगदी मधोमध. मामी सांडगे खाऊन आधीच निवळली होती. तिला वैशाखात मुलगी झाली. शिट्टीचा शोध लागल्यामुळं मामी माहेराहून परतल्यावर त्या मुलीचे वळसे वेळेवर उगाळले जाईनात, कारण खुळखुळा सतत मामाच्याच तोंडात असे.

मामा येत राहिला. आधी पंधरवड्यानं यायचा तो आठवड्यानं यायला लागला, गूळ असो नसो. आईचा जीव मात्र टांगलेलाच होता. त्याला शिंक आली तरी ती काढा उकळायची. त्या भाद्रपदात त्याला खरोखरच ताप भरला, एकवीस दिवसांचा. आई मला आणि भावाला घेऊन निरवांगीला गेली आणि त्याच्या उशाशी बसून राहिली. अठराव्या दिवशी तो कोणाला ओळखेना. आईचा धीर सुटला आणि ती चुलतीसमोर बोलायला लागली, की माझ्याच लेकरापायी... तेवढ्यात मामानं डोळे उघडले आणि तिच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. आईनं उरलेलं गिळलं आणि त्याच्या कपाळावरची पट्टी बदलली. एकविसाव्या दिवशी ताप उतरला आणि पंचविसाव्या दिवशी मामानं पथ्य मोडून मटण मागितलं.

पुढं तो पुष्कळ जगला. त्यानं माझ्या भावाला पोहायला शिकवलं, कुस्तीत पाडून पाडून बेजार केलं, शाळा चुकवल्यावर चोपलं, त्याच्या लग्नात पेहेरावावरून रुसून बसला आणि त्याच्या मुलांच्या बारशांना पहिल्या गाडीनं आला. मामा असावा तर असा, असं आमचा भाऊ ज्याला त्याला सांगत फिरे. आई गेली, मग वडील गेले. आम्ही तिघांनी कबूल केलेलं पाळलं. भाऊही मागच्या वर्षी गेला, म्हणून मी हे लिहायला बसले.

मामा गेला तेव्हा त्याची सत्तरी उलटली होती आणि माझा भाऊ चाळिशीच्या पुढं होता. दहाव्याला निरवांगीला पंगत बसली. मी वाढत होते. भाऊ मामाच्या मुलीशेजारी बसला होता आणि मामाच्या गोष्टी सांगत होता, मामा विहिरीत कसा उडी मारायचा, मामा कसा चिडायचा, मामा आंबे कसे चोरायला लावायचा. पंगतीत लोक हसत होते, कोणी डोळे पुसत होतं. त्याचं तोंड भरलेलं होतं आणि तो बोलायचा थांबत नव्हता. मी आमटीचं भांडं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. मामाचं नाव घेतघेत त्यानं भाकरी कुस्करली, आमटी मागितली आणि पोटभर जेवला.